चार महिने दहा दिवस

पिंजायच्या कमानीची तात तुटली नव्हती, तरी फकीर मोहम्मदाने कमान खाली ठेवली.

कार्तिकातली सकाळ होती. धामणगाव बढ्यात पिंजाऱ्याचं घर हे एकच, आणि दिवाळी ते संक्रांत एवढेच पिंजाऱ्याचे दिवस. गावात गार वारा सुटला की लोकांना गाद्या आठवतात, रजया आठवतात, आणि मग फकीर मोहम्मद आठवतो. ओसरीवर कमरेइतका रुईचा ढीग होता. त्याची बायको बिस्मिल्लाबी कापसातली किट्टी, काडीकचरा वेचत होती. सून गौसिया उंबऱ्याशी पाय पसरून रजईला टाके घालत होती. तिघांच्या भुवयांवर, पापण्यांवर रुईचे तंतू बसले होते. या दिवसांत ते घर नेहमीच असं दिसे, जशी काही सगळी एका रात्रीत म्हातारी झालेली.

"बसा," फकीर मोहम्मद म्हणाला.

दोघी बसलेल्याच होत्या. त्या त्याच्याकडे बघू लागल्या.

"कागद आला."

"कोनता कागद?" बिस्मिल्लाबीने विचारलं.

"जहांगीरचा." मग त्याने घसा खाकरला. "म्हंजे, त्याच्या पलटनीचा. सायबाचा."

गौसियाची सुई कापडात अर्धी गेली होती. ती तिथेच राहिली. जहांगीर तिचा नवरा, या घराचा एकुलता मुलगा. दोन वर्षांपूर्वी गाणं वाजवत भरतीची मोटार आली होती, तिच्यात बसून गेला. कमान मारून तयार झालेले दंड बघून साहेबाने त्याला खच्चरांच्या पलटणीत घेतलं. तिथून बरमा.

"काय म्हंतो सायेब?" बिस्मिल्लाबी म्हणाली. "रजा भेटली?"

फकीर मोहम्मदाने कुडत्याच्या आतून एक खाकी लिफाफा काढला. तो दोघींपैकी कोणालाच वाचता येत नव्हता, त्यालाही नाही. तरी त्याने तो उघडून दोघींच्या समोर धरला. एका ओळीवर अंगठा दाबला.

"ह्ये पाहा. इथं लिव्हलं हाये. मिरगाच्या दिवशी. जूनची सात तारीख. डोंगरात गोळा पडला. तो अन् त्याचं खच्चर."

बिस्मिल्लाबीने हातातली किट्टी पदरात टाकली, पुन्हा कापसात हात घातला आणि वेचत राहिली.

गौसिया ओरडली नाही. तिला पहिल्यांदा सुचलं ते एवढंच, की मिरगाला किती दिवस झाले.

*

दुपारी मशिदीतले मुल्लाजी आले. म्हातारे, गुडघ्याने अधू, पण मनाने मऊ माणूस. ओसरीवर टेकले, दुवा केली, आणि मग बोटांची पेरं मोजू लागले.

"मिरगाचा दिवस म्हंजे... जमादिल-आखर अर्धा झालता. रजब एक. शाबान दोन. रमजान तीन. शव्वाल." ते थांबले. पुन्हा मोजलं. "अन् वरचे दहा. आता तं खालीचा, जिल्कादचा चांद लागला. नऊ दिस वरून झाले."

"म्हंजे?" बिस्मिल्लाबी म्हणाली.

"इद्दत सरली."

दाराआड उभ्या असलेल्या गौसियाच्या कानात ते शब्द पडले, पण आत गेले नाहीत. नवरा गेला की बाई चार महिने दहा दिवस इद्दतीत बसते. दाराला पडदा लागतो. चुडा निघतो, सुरमा नाही, मेंदी नाही, उंबरा ओलांडणं नाही. तिच्या मावशीची इद्दत तिने लहानपणी पाहिली होती. पडद्याआड बसून मावशी इतकी रडली, की शेवटी एके दिवशी ती आपोआप उठली आणि म्हणाली, भूक लागली. गौसियाला वाटलं होतं, आपल्यालाही आता तो पडदा लागेल.

"मुल्लाजी," ती दाराआडून म्हणाली, "मले तं आज कळलं."

"हाव, बेटी. पन हिशेब मौतीच्या दिवसापासून असते. खबर कवाही येवो. मुदत सरल्यावर खबर आली, तं बसाची गरज राहत नाई. अल्लाने आसान केलं तुयावर."

"मंग बसली कोन?"

मुल्लाजींनी वर बघितलं. "आं?"

"चार महिने दहा दिवस. मी नाई बसली. मंग कोन बसली?"

मुल्लाजींनी दाढीवरून हात फिरवला. "दिवस बसले, बेटी," ते म्हणाले. "दिवस बसले अन् उठून गेले."

फकीर मोहम्मद जमिनीकडे बघत होता. त्याने सुटकेसारखा एक श्वास सोडला, तो गौसियाने ऐकला. तिला वाटलं, दुःखाचा असेल.

मुल्लाजी गेल्यावर बिस्मिल्लाबी उठली. सुनेचे दोन्ही हात धरून तिने बांगड्या पाहिल्या. ईदीला भरलेल्या, हिरव्या काचेच्या, मधे एकेक सोनेरी ठिपक्याची. तिने त्या मोजल्यासारख्या सरकवल्या.

"राहू दे ह्या," ती म्हणाली. "शरियतीनंच नाई सांगितलं, तं आपन काऊन फोडाच्या? दुल्हनच्या हातात चुडा हाये म्हंजे त्याचं घर हाये."

"अम्मा..."

"चूप."

तिजाच्या, म्हणजे तिसऱ्या दिवशी चणे-साखरेवर फातिहा झाली, तीही बिस्मिल्लाबीने अशी दिली, जसं काही दुसऱ्याच कोणाच्या मुलासाठी शेजारधर्म म्हणून. संध्याकाळी जेवायला चार ताटं मांडली. चौथ्यात भाकर ठेवली. मग तीच भाकर मोडून शेळीला घातली.

गावातल्या बाया भेटायला आल्या. दारात आल्या तेव्हा तोंडाला पदर होता, डोळे भरलेले होते. आत बघतात तो सून चुडा लेवून टाके घालतेय, सासू किट्टी वेचतेय, म्हातारा कमान मारतोय. पडदा नाही, रडं नाही. बाया भांबावल्या. बसाव्यात की उठाव्यात, कळेना. पाणी पिऊन, गुडघ्यावर हात ठेवून, "येतो मंग माय" म्हणून निघून गेल्या.

*

शेजारच्या शालूबाईचं आणि गौसियाचं जातं एकच, शालूबाईच्या पडवीतलं. पहाटे दोघी समोरासमोर बसत. शालूबाई कुणब्याची, तोंडाने फटकळ, गळ्याने गोड. त्या पहाटे तिने खुंटा धरला, आणि किती तरी वेळ नुसतीच ओढत राहिली. मग तिच्याच्याने राहवेना.

*खुंटा फिरे गरागरा, वाट फिरेना माघारी*
*बरम्याच्या डोंगरात कोन बांधते न्याहारी*

"बंद कर वं," गौसिया म्हणाली.

"गाऊ नको म्हंतं? बरं. मंग रड तरी. तुयं तोंड पाह्यलं तं मले भेव वाटते."

"रडू येत नाई."

"काऊन?"

"मी मोजून राह्यली."

आणि ती खरंच मोजत होती. मिरगापासूनचा एकेक दिवस उचलून, उजेडात धरून पाहत होती. मिरगाच्या दिवशी मी काय केलं? त्या दिवशी नणंद गुलनार आणि ती अंगणात बसून आंबे चोखत होत्या. रस कोपरापर्यंत ओघळला होता. गुलनारच्या नाकाला कोय लागली आणि गौसिया इतकी हसली, की बिस्मिल्लाबी आतून ओरडली, "शादीच्या पोरीले हसवून मारतं का?" बस. एवढंच. उजवा डोळा लवला नव्हता, हातातलं काही पडलं नव्हतं, कावळा ओरडला नव्हता. बरम्यात गोळा पडला, आणि धामणगावात आंब्याचा रस गोड लागला.

आता मात्र ती जेव्हा जेव्हा त्या अंगणात जाऊन बघे, तेव्हा आंब्याच्या टोपल्यापाशी तो उभा असे. पलटणीच्या कपड्यांत, हातात खच्चराचा दोर. काही बोलत नसे. नुसता वाट बघत असे, की ही हसायची थांबेल आणि वर बघेल.

आखाडात त्याचं पत्र आलं होतं, कोणाकडून तरी लिहवलेलं. "इथली खच्चरं धामणगावच्या माणसांपरीस ऐकतात. अब्बांना, अम्मांना, घरातल्या सगळ्यायले सलाम." त्या 'सगळ्यायले'मधून गौसियाने आपला वाटा काढून घेतला होता आणि आठ दिवस पुरवला होता. पत्र आलं तेव्हा लिहवणारा नव्हता. त्या आठ दिवसांतही तो आता उभा होता, चुलीपाशी, पाठमोरा.

मग गुलनारची शादी. मांडवात तिने ढोलकी वाजवली. रमजान. ईद. ईदीला दोन्ही हातांवर मेंदी. रंग चढला तेव्हा सणाला माहेरी आलेली गुलनार म्हणाली, "भाभी, जिचा नवरा लय आठोन काढते, तिची मेंदी लाल होते." आणि ती लाजली होती.

जात्याचा घास संपला होता, तरी ती फिरवत राहिली. आणि तिच्या तोंडून, गाण्यासारखं नाही, बोलल्यासारखं आलं,

*मेंदी चढली हाताले, लाल झाली ईदीपायी*
*कोन्या मातीले रंग आला, मले सांगितलं नाई*

शालूबाईने खुंटा सोडला आणि पदरात तोंड घालून तीच रडली. गौसियाने पीठ भरलं, डोक्यावर घेतलं आणि घरी आली.

*

मोताळ्याचे किसनराव मोठे शेतकरी. त्यांच्या मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं होतं. सात गाद्या, चौदा रजया. ते काम फकीर मोहम्मदाने पोळ्यालाच घेऊन ठेवलं होतं. गावातला कापूस ओसरीवर येई, पण परगावच्या एवढ्या मोठ्या कामाला पिंजारी कमान घेऊन गिऱ्हाइकाच्या अंगणात जातो. तो पिंजतो, बाई शिवते. बिस्मिल्लाबीच्या डोळ्यांना आता सुईचं नाक दिसत नव्हतं. म्हणजे गौसियाला जायलाच हवं होतं.

"अब्बा, मी नाई येत," ती म्हणाली. "मले चार महिने बसू द्या. मी घरात बसून शिवीन."

"मोताळ्याचा एवढा कापूस घरी कसा आनू, माय? अन् सरलेल्या इद्दतीत पुन्हा बसतं, तं लोक काय म्हंतीन? फकीराची सून मुल्लाजीपेक्षा जास्त शिकली?" तो हसायचा प्रयत्न करत होता. "चाल. हाताले काम असलं म्हंजे बरं असते. मले माहीत हाये."

शेवटचे तीन शब्द त्याने निराळेच उच्चारले. पण तेव्हा तिच्या ध्यानात आलं नाही.

पहाटे निघाले, सहा-सात कोस चालले. तो पुढे, खांद्यावर कमान. पाठमोरी चाल अगदी मुलाची. गौसियाने अर्धी वाट मान खाली घालून काढली.

किसनरावांच्या अंगणात निंबाखाली ताडपत्री अंथरली होती. पहिले दोन दिवस बरे गेले. तुंय् तुंय् तात वाजे, रुई उसळे, उन्हात उडे. मधूनच तिला दोन कमानी ऐकू येत, एक जुनी, जड हाताची, आणि तिच्या मागोमाग एक चपळ, जराशी घाई करणारी. ती वर बघे. उडत्या कापसात कोणीतरी उभं असल्यासारखं दाट होई आणि विरून जाई.

तिसऱ्या दिवशी किसनरावांच्या बायकोने, रुखमाबाईने, नवरीच्या गादीची लाल खोळ आणून ठेवली. गौसियाने सुई ओवली. रुखमाबाई तिच्या हाताकडे बघत उभी राहिली.

"वं बाई, आईकलं तुयं. लय वाईट झालं."

"जी."

"पन... चुडा?"

"आमच्यात मुदत सरली, बाई," फकीर मोहम्मद घाईने म्हणाला. "मिरगातलीच गोष्ट हाये ते."

"असं व्हय." रुखमाबाईला ते नीट उमगलं नाही. ती बांगड्यांकडे बघे, मग कोऱ्या चेहऱ्याकडे बघे. शेवटी जवळ येऊन बसली. आवाज हलका केला. "राग नको मानू माय. ह्या बाकीच्या गाद्या तूच शीव. पन नवरीच्या गादीले... शेजारची वच्छलाबाई येऊन घालते टाके. माया पोरीचं नवं हाये ना. तूही कोनाची पोरगीच हाये, समजून घे."

तिने खोळ उचलून घेतली. फार हळूच, जसं झोपलेलं मूल उचलावं. गौसिया ओवलेली सुई हातात धरून बसून राहिली. मशिदीत ती जुनी विधवा, मोकळी झालेली. इथे नवी, विटाळासारखी. घरी सासूच्या लेखी ती सवाष्ण. तिला वाटलं, या तिन्हींतली एकही मी नाही. मी कोणीच झाले नाही अजून.

दुपारी टपालवाला मोतीराम आला. किसनरावांचं पत्र दिलं, रांजणातलं पाणी प्यायला आणि निंबाच्या सावलीत टेकला. धामणगावचं टपालही तोच नेत असे, हप्त्यातून दोनदा, सायकल चिखलात रुतली की खांद्यावर घेऊन. फकीर मोहम्मदाला बघून त्याने टोपी काढली.

"चाचा, मले तुमच्यासंग बोलाचंच होतं. त्या दिवसापासून मनात राह्यलं."

फकीर मोहम्मदाने तातेवर लाकडी मोगरी मारली. तुंय्!

"आखाडातला पाऊस, अन् त्यो खाकी लिफाफा म्याच तुमच्या हाती देल्ला. दारात मांडवाचे बांस उभे..."

तुंय्! तुंय्! तुंय्! म्हातारा अशी कमान मारत होता, की पिंजलेलीच रुई पुन्हा उडत होती. मोतीरामने आवाज चढवला.

"मले काय माहीत आत काय हाये! मी म्हनलं, चाचा, पोराचा खलिता आला, मिठाई पायजे! मायी जीभ झडली नाई तवा..."

"आखाडात?" गौसियाने विचारलं.

कमान थांबली. अंगणात एकदम इतकं शांत झालं, की निंबावरून उतरणारा तंतूही ऐकू आला असता.

"दिवाळीनंतर नाई आला?" ती म्हणाली.

मोतीरामने तिच्याकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं. टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. "बाई, दिवाळीपासून धामणगावात मी सरकारी कागद नेलाच नाई."

गौसियाने हातातला टाका पुरा केला. गाठ मारली. दाताने दोरा तोडला. सुई खोळीत खोचली, म्हणजे कोणाच्या पायात जाऊ नये. मग उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि रुखमाबाईला म्हणाली, "बाई, तुमी बरोबर बोलल्या. मी इद्दतीत हाये."

आणि अंगणातून बाहेर पडली.

*

रस्ता भर उन्हातला. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, वेचणाऱ्या बायांच्या वाकलेल्या पाठी. ती भराभर चालली होती. मागून चपला वाजल्या, धापा ऐकू आल्या. त्याने कमान खांद्यावर तशीच आणली होती, ती त्याच्या चालीबरोबर डगडगत होती.

"दुल्हन! थांब. माया छातीत हवा नाई राह्यली."

ती थांबली नाही, पण पाय जरा आवरले.

"गुलनारची शादी चार दिवसांवर होती," मागूनच तो बोलू लागला. "निवृत्ती गुरुजीनं कागद वाचला. मी त्यायले कसम घातली. म्हनलं, पोरीची डोली उठू द्या, मंग सांगतो. डोली उठली. तं रमजान. रोज्यात कसं सांगू? मंग ईद. अम्मानं त्याच्यासाठी शीरखुरम्याची वाटी भरून ठेवली."

"तवा सांगाचं होतं."

"हाव." त्याने कमान दुसऱ्या खांद्यावर घेतली. "मंग एका जुम्म्याले मुल्लाजीची जुनी गोष्ट आठोली. कोन्या बाईले मुदत गेल्यावर खबर लागली, तं तिले बसा लागलं नाई. म्या मोजलं. महिनाभरच उरला होता. मले वाटलं, आपल्या दुल्हनीले त्या पडद्याआड चार महिने कोंडाच्यापेक्षा... तिले न कळताच सरून जाऊ दे. कापसातली किट्टी काढतो ना आपन, तसं. तिले टोचू नये." त्याचा आवाज बारीक झाला. "मले वाटलं, म्या तुले वाचोलं."

आता ती थांबली. वळली. सासऱ्याच्या तोंडाकडे तिने चार वर्षांत सरळ कधी पाहिलं नव्हतं.

"अब्बा, तुमी मांडवात बसून होते. मी ढोलकी वाजोली. तुमी पाह्यलं मले."

"हाव."

"ईदीले मी मेंदी लावली. तुमाले सलाम कराले आली. तुमी डोक्यावर हात ठेवला."

"ठेवला."

"तो मरून पडला होता अन् मी हसून राह्यली होती. तुमी एकटेच दोघायले पाहत होते. ते माये दिवस होते. वाईट होते, पन माये होते. तुमी घेतले."

म्हातारा रस्त्याच्या मधोमध उभा होता. एक बैलगाडी आली, तिला वाट द्यायचंही त्याला सुधरलं नाही. गाडीवान ओरडला, "ओ चाचा, वाटेत काऊन उभे? घर इकून टाकलं का?" गौसियाने त्याचा दंड धरून त्याला कडेला ओढलं. गाडी गेली. धूळ बसली. तिने हात सोडला नाही.

"तुमी रडले का?"

"कवा?"

"ह्या दिवसांत."

"रोज," तो म्हणाला. "पिंजता पिंजता. पिंजाऱ्याच्या डोळ्यात पानी आलं तं कोनी पुसत नाई. लोकायले वाटते, रुई गेली."

बोलता बोलता त्याने कुडत्याच्या बाहीने डोळे पुसले. इथे रुई नव्हती. नुसता रस्ता होता.

उरलेले कोस ती पुढे आणि तो मागे, असे चालले.

*

दिवस मावळायच्या आत घरी पोचले. बिस्मिल्लाबी अंगण झाडत होती. दोघांना बघून तिने खराटा टाकला. "काम सोडून आले? काय झालं?"

गौसिया ओसरीच्या पायरीशी बसली. डावा हात दगडावर ठेवला, आणि उजव्या हाताने वरवंटा उचलला.

"या अल्ला! दुल्हन!" बिस्मिल्लाबी धावली, मनगट धरलं. "काय करतं? मुल्लाजीनं काय सांगितलं तुले? नको फोडू. म्या सांगते, नको. ह्ये फुटलं तं..."

"तं काय, अम्मा?"

"तं तो जाते."

"सोड तिले," फकीर मोहम्मद म्हणाला.

त्याने कमान भिंतीला टेकवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आखाड, मांडव, निवृत्ती गुरुजी. एकही शब्द मऊ केला नाही. बिस्मिल्लाबी ऐकत राहिली. सुनेचं मनगट तिच्या हातातच होतं, आणि ते हळूहळू घट्ट होत गेलं.

"ईदीले म्या वाटी भरली," ती म्हणाली. "खुरम्याची. पिस्ते घातले. तू म्हनला, ठेव झाकून, उद्यापरवा येईन तो."

"हाव."

"अन् तुले माहीत होतं."

"माहीत होतं."

"दुसऱ्या दिवशी खुरमा नासला. तूच नेऊन ओतला."

म्हाताऱ्याने मान खाली घातली.

बिस्मिल्लाबीच्या छातीतून जो आवाज निघाला तो रडण्याचा नव्हता. गाय व्याताना निघतो तसा होता. शेजारपाजारची दारं उघडली. त्या आवाजातच तिने वरवंटा सुनेच्या हातातून घेतला. आता फेकून देईल, असं गौसियाला वाटलं. पण तिने सुनेचा हात आपल्या मांडीवर घेतला, बांगड्या पदराच्या दोन घड्यांत गुंडाळल्या, काच लागू नये म्हणून, आणि वरून एकेक करून हलकेच फोडल्या. प्रत्येक बांगडीला ती मुलाचं नाव घेत होती. डावा हात झाला. उजवा झाला. मग ती उठली, पेटीतून आपली जाड चादर काढली आणि आतल्या खोलीच्या दाराला खुंट्यांवर बांधली. फकीर मोहम्मद मदतीला पुढे आला, तर तिने त्याला हात लावू दिला नाही.

"जा आत," ती सुनेला म्हणाली.

गौसिया आत गेली. खोलीत अंधुक होतं. भिंतीशी बसली, रिकामी मनगटं मांडीवर ठेवली, आणि तिला वाटलं, आता कोपऱ्यात तो उभा असेल. तिने पाहिलं. तिथे रुईचं एक जुनं गाठोडं होतं. दुसरं काही नव्हतं. अंगणात, मांडवात, चुलीपाशी, चार महिने तो जिथे जिथे तिची वाट बघत उभा होता, तिथून तो निघाला होता, आणि इथे आला नव्हता. तेव्हा कुठे तिला रडू आलं. पोटाच्या तळातून, आवाज न आवरता, गावाला ऐकू जाईल असं.

बाहेर बाया जमल्या. या वेळी कोणाला विचारावं लागलं नाही की बसावं की उठावं. ओसरी भरली, अंगण भरलं. दिवसभराचा कापूस वेचून आलेल्या, बोटांना बोंडांचे ओरखडे, तशाच आल्या. बिस्मिल्लाबी पडद्याला पाठ लावून बसली होती, दारावर राखणीला बसावं तशी. पलीकडच्या आळीतली अन्नपूर्णाबाई सगळ्यात मागून आली. तिला आधीचं काहीच ठाऊक नव्हतं. ती बिस्मिल्लाबीपुढे उकिडवी बसली आणि तिने गुडघ्यावर हात ठेवला.

"कवा झालं हो, माय?"

अंगणात सगळे गप्प झाले. मिरगाचा दिवस सगळ्यांना माहीत होता. फकीर मोहम्मदाने मान वर केली. तो काही सांगायला गेला आणि थांबला. पडद्याआडचं रडणंही क्षणभर थांबलं.

"आज," बिस्मिल्लाबी म्हणाली. "आज गेला माया जहांगीर."